कोल्हापूरचा रस्ता आणि शर्यतीचे चाक

पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीची, म्हणजे ट्रायथलॉनची, तयारी करणारे लोक कोल्हापुरात आता इतके झाले आहेत की, पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्यावर किंवा महामार्गाच्या कडेने कार्बनच्या खोल रिमची चाके दिसली तर कोणी वळून बघत नाही. अशी चाके घेताना विचारायचे प्रश्नही ठरून गेले आहेत. रिम किती मिलिमीटर खोल, वजन किती ग्रॅम, वाऱ्यात किती वॅट वाचतात? हे सगळे प्रश्न वेगाचे आहेत. माझे म्हणणे असे की, चाकाच्या इतिहासात वेगाचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर राहिला आहे. पहिला प्रश्न रस्त्याचा. चाक कोणत्या जमिनीवरून जाणार, किती भार वाहणार आणि बिघडले तर कोण दुरुस्त करणार, यावर त्याचे रूप ठरत आले. वेगाचा हिशेब त्या चौकटीत राहूनच करता आला. कोल्हापूर परिसरात चाक कसकसे बदलत गेले हे नीट पाहिले, तर सरावासाठी एक आणि शर्यतीसाठी दुसरे चाक घ्यावे का, या आजच्या प्रश्नाचाही बराचसा उलगडा होतो.

सुरुवात बैलगाडीपासूनच करायला हवी. हा जिल्हा रस्त्यांच्या दृष्टीने एकसारखा नाही. पश्चिमेला गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे घाट, तांबडी माती आणि धो धो पाऊस; पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडे कृष्णा-पंचगंगेची काळी जमीन, पावसाळ्यात चाकाला चिकटून बसणारी. या दोन्हींवर चालणारे जुने चाक लाकडी होते. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वर्तुळाकार जोडलेले पाटे आणि सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. धाव बसवण्याचे काम मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचे, जमिनीवर गोवऱ्यांचा गोल जाळ करून त्यात लाल होईपर्यंत तापवायचे. तापून ते फुगले की सांडशांनी उचलून चाकावर उतरवायचे, हातोड्यांनी सारखे करायचे आणि लाकूड जळायच्या आत वर पाणी ओतायचे. कडे आक्रसते आणि पाटे, आरे, तुंबा यांचे सगळे सांधे एकदम घट्ट होतात. सुतार आणि लोहार यांच्या या जोडकामातून निघालेले चाक जड असे. पण खड्ड्यात आपटले तरी टिके आणि मोडलाच एखादा आरा, तर गावातच नवा बसे. दोष एकच, पण मोठा. अरुंद लोखंडी धाव खडीचा रस्ता कापत जाते आणि मऊ जमिनीत रुतते.

मिरजेहून कोल्हापूरला १८९१ मध्ये रेल्वे आली आणि लांबचा माल रुळांवर गेला. शेतापासून पेठेपर्यंतचा माल मात्र गाडीवरच राहिला. मग ऊस वाढला. १९३०च्या दशकात कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहिला, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले आणि फडापासून गव्हाणीपर्यंत टनांनी ऊस ओढायची वेळ आली. इथे लाकडी चाकाने हार मानली. त्याच्या जागी हवेच्या रबरी टायरची, छर्ऱ्यांवर फिरणारी चाके आली आणि गळीत हंगामात आजही दिसणारी टायरगाडी तयार झाली. माझ्या युक्तिवादासाठी हा पुरावा फार मोलाचा आहे, कारण इथे वेगाचा काही संबंधच नाही. बैल टायरगाडीला जुंपला म्हणून जलद चालत नाही. पण त्याच बैलजोडीला जास्त भार ओढता येतो, चाक कमी रुतते आणि रस्ता कमी फुटतो. मानवी दळणवळणातला चाकाचा एवढा मोठा बदल या भागात भार आणि जमीन या दोनच कारणांनी झाला.

यावर लगेच आक्षेप येईल की, बैलगाडीचे सोडा, सायकलचे चाक तर शर्यतीनेच घडवले. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो सविस्तर तपासायला हवा. सायकलच्या पहिल्या पिढीला, म्हणजे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये निघालेल्या पायडलच्या सायकलींना, गाडीसारखीच लाकडी चाके आणि लोखंडी धाव होती. दगडी फरसबंदीवर त्या इतक्या आदळत की इंग्रजीत त्यांना हाडे खिळखिळी करणारे यंत्र असे नाव पडले. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयरने तारांचे चाक केले, पुढच्याच वर्षी इंग्लंडात जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी आपली ‘एरियल’ सायकल तशा चाकांवर काढली, आणि १८७४ मध्ये स्टार्लीने हबला स्पर्शरेषेत जाणाऱ्या, एकमेकींना छेद देणाऱ्या तारांचे पेटंट घेतले. लाकडी चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. तारांच्या चाकात प्रत्येक तार आधीच ताणून ठेवलेली असते. भार आला की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा कमी होतो आणि चाक फिरेल तसा परत भरून येतो. त्यामुळे पेन्सिलीच्या शिसाएवढ्या जाडीच्या तारा माणसाचे वजन पेलतात. इथवर शर्यतीचा हात नक्कीच होता, कारण हलक्या चाकाची ओढ शर्यतवाल्यांनाच होती.

पण त्यानंतरची सर्वांत मोठी झेप शर्यतीतून निघालेली नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली, ती मुलाला खडबडीत रस्त्यावर धक्के बसू नयेत म्हणून. हवेच्या टायरची कल्पना त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी घोडागाडीसाठी पेटंट करून ठेवली होती, तीही गाडीचे हादरे आणि आवाज कमी करण्यासाठीच. १८८९ मध्ये विली ह्यूम याने बेलफास्टच्या शर्यती हवेच्या टायरवर जिंकल्या आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले. शर्यतीने इथे शोध लावला नाही, पारख केली. क्रम महत्त्वाचा आहे. रस्त्याच्या त्रासावरचा उपाय आधी निघाला आणि तोच सर्वांत वेगवान ठरला, कारण आदळणारे चाक प्रत्येक हादऱ्याबरोबर पुढे जाण्याची ताकद वाया घालवते.

कोल्हापुरात सायकल आली ती या सगळ्यानंतर. आधी इंग्लंडातून रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए आल्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने सुरू झाले. मद्रासचा टीआय सायकल्स, सोनीपतचा ॲटलस आणि १९५६ पासून लुधियानाचा हिरो यांनी बाजार भरून टाकला. या काळ्या सायकलीच्या चाकाकडे शर्यतीच्या नजरेने बघितले तर ते मागासलेले वाटते. अठ्ठावीस इंची मोठे चाक, दीड इंच रुंद टायर, पोलादी रिम, पुढे ३२ आणि मागे ४० तारा. जगाने दोन्ही चाकांना ३६-३६ तारा घेण्याचा प्रघात स्वीकारला तरी ही जुनी इंग्रजी वाटणी आपल्याकडे टिकून राहिली, आणि तिच्यामागे हिशेब आहे. सायकलस्वाराचे जास्त वजन मागच्या चाकावर येते. त्यात कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन टांगले, पेंडीचे पोते बांधले किंवा डबलसीट बसवली की मागच्या आठ जादा तारा कामाला येतात. पहाटे खेड्यातून कोल्हापुरात रतीब घालणारा गवळी, पाळी बदलली की इचलकरंजीच्या मागांवरून घरी परतणारा कामगार, शिवाजी उद्यमनगरच्या फाउंड्रीत जाणारा मोल्डर, या सगळ्यांची गरज या एका चाकाने भागवली. त्यांना वेग नको होता असे नाही. वेळेवर पोचणे ही त्यांची रोजची निकड होती. पण वाटेत चाक बसले तर दूध नासते आणि पाळी चुकते. म्हणून न मोडणारे चाक हेच त्यांच्यासाठी वेगवान चाक होते.

आणि मोडलेच तर कोपऱ्यावरचा सायकलवाला होता. चाकाचा आऊट काढण्याचे त्याचे काम आजच्या महागड्या चाकांच्या काळातही बदललेले नाही. सायकल उलटी करून चाक फिरवायचे, चिमट्यापाशी बोट किंवा खडू स्थिर धरायचा, रिम कुठे घासते ते पाहायचे. रिम डावीकडे येत असेल तर त्या जागची उजवी तार पाव फेरा आवळायची, डावी तेवढीच सैल करायची आणि पुन्हा फिरवायचे. घाई केली तर एक बाजू सरळ होते आणि चाक दुसरीकडे अंडाकृती होते. हाताला सवय असलेला कारागीर अधूनमधून तारा बोटांनी छेडून बघतो, कारण सारख्या ताणाच्या तारा सारख्या आवाजात वाजतात, आणि बद्द वाजणारी तार लगेच कळते. चाळीस तारांपैकी एक तुटली तर चाक थोडे वाकते, घरी पोचवते. वीस-चोवीस तारांच्या शर्यतीच्या चाकात एक तार तुटली की रिम इतकी सरकू शकते की ब्रेकला किंवा चिमट्याला अडते. हा फरक सरावाचे चाक निवडताना डोळ्यांसमोर हवा.

ट्रायथलॉनचे चाक याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जन्मले. आधुनिक ट्रायथलॉनची सुरुवात १९७४ मध्ये सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. १९७८ मध्ये हवाईत पंधरा जण पहिल्या आयर्नमॅनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला, उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. या शर्यतीत सायकलवाल्याला दुसऱ्याच्या आडोशाने जाता येत नाही. १८० किलोमीटर वारा एकट्याने कापायचा असतो. त्यामुळे हवेच्या विरोधाचा विचार या खेळात घट्ट रुजला. १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझेरने मेक्सिको सिटीच्या धावपट्टीवर भरीव तबकडीसारख्या चाकांवर तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले आणि एदी मेर्क्सचा १९७२ चा ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टीव्ह हेड यांनी ट्रायथलॉनवाल्यांना परवडतील अशी भरीव चाके बनवायला घेतली. वेगाने रस्त्यावर मात केली असे इथे वाटू शकते. पण आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा जिथे वाढली त्या कोना गावात भरीव चाकाला बंदी आहे, कारण लाव्हाच्या उघड्या माळावरून येणारा आडवा वारा असे चाक शिडासारखे ढकलतो. बंद धावपट्टीवरचे सर्वांत वेगवान चाक या खेळाच्या सर्वांत मानाच्या रस्त्यावर चालत नाही.

कोल्हापुरात हे चाक यायला रस्त्याचीच वाट पाहावी लागली. पुणे-बंगळूर महामार्ग २००० नंतरच्या दशकात चौपदरी झाला, आणि सलग, सपाट डांबरावर तासन्‌तास एका लयीत पायडल मारण्याची सोय या भागात पहिल्यांदा झाली. राजाराम तलावात पोहण्याचा टप्पा ठेवून इथे ट्रायथलॉन भरू लागल्या, त्यांतली ‘बर्गमन’ गाजली. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला अर्धी आयर्नमॅन सुरू झाली आणि कोल्हापूरकरांना ती रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर मिळाली. दोन्हीकडे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, मिळून ११३ किलोमीटर. कोणी म्हणेल की, इंग्लंड-अमेरिकेत उलटे घडले. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकलवाल्यांच्या संघटनांनीच चांगल्या रस्त्यांची चळवळ उभारली, म्हणजे चाकाने रस्ता घडवला. ते खरे आहे. पण त्यातूनही हेच दिसते की, तिथल्या सायकलवाल्यांना चाक सुधारण्याआधी रस्ता सुधारणे निकडीचे वाटले. आपल्याकडे रस्ता मालमोटारींसाठी झाला. सायकलवाला त्याच्या कडेने, सांध्यांवरून, खडीवरून आणि काचांच्या तुकड्यांवरून चालतो. शर्यतीच्या दिवशी रस्ता झाडून मिळतो, सरावाच्या तीनशे दिवसांत मिळत नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण वेगाची बाजू आकड्यांवर उभी आहे आणि तिला उत्तरही आकड्यांनीच द्यायला हवे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. चाकांचे कारखाने वाचणारे वॅट जाहीर करतात ते बहुतेक वेळा ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या चाचणीतले असतात. नव्वद किलोमीटर तीन तासांत काढणारा हौशी स्पर्धक ताशी ३० ने चालतो. त्या वेगाला तीच बचत सुमारे एक-चतुर्थांश उरते. शिवाय सपाटीवर अडणाऱ्या हवेतला मोठा वाटा माणसाच्या शरीराचा असतो, चाकांचा त्यामानाने लहान. म्हणजे कोपरे आत घेऊन, मान खाली ठेवून तीन तास बसण्याचा सराव केला तर महाग चाकांपेक्षा जास्त मिळते. यावर जाणकार लोक एक नेमका प्रतिवाद करतात. हळू स्पर्धक रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे वॅट कमी वाचले तरी वाचलेली मिनिटे वेगवान स्पर्धकापेक्षा कमी भरत नाहीत. हा मुद्दा बरोबर आहे आणि मान्य करायला हवा. खोल रिम फक्त पहिल्या दहांतल्या लोकांनाच कामाची, हे म्हणणे चुकीचे आहे. पण त्याच न्यायाने हळू स्पर्धकाला आडवा वाराही जास्त तिरका लागतो, कारण त्याचा स्वतःचा वेग वाऱ्याच्या मानाने कमी असतो. कोल्हापूरपाशी महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण धावतो आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. त्यात उड्डाणपुलावर ट्रक शेजारून गेला की आधी आडोसा आणि मग झोत, असे दोन उलटे धक्के बसतात. पुढचे चाक फार खोल असेल तर हँडल सांभाळण्यात माणूस सरळ होऊन बसतो आणि कमावलेले सगळे तिथेच गमावतो.

वजनाचेही तसेच. पन्हाळ्याची चढण शहरापेक्षा सुमारे चारशे मीटर उंच नेते. सायकल धरून ऐंशी किलोचा माणूस दोनशे वॅटने चढला तर एवढी उंची गाठायला सव्वीस मिनिटांच्या आसपास लागतात. चाकांत अर्धा किलो कमी केला तर त्यातले दहा सेकंद वाचतात. फिरणारे वजन दुप्पट मोजावे असे म्हणतात ते वेग वाढवतानापुरते खरे आहे. एका लयीत चढताना ते इतर वजनासारखेच असते. टायरच्या बाबतीत तर शर्यतीच्या जगाने आपले जुने मत स्वतःच बदलले. अनेक दशके टायर जितका अरुंद आणि टणक तितका वेगवान असे मानले गेले. वीस-बावीस मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून लोक धावले. गेल्या दशकात व्यावसायिक संघ २३ वरून २५ आणि मग २८ मिलिमीटरकडे गेले, कारण खऱ्या रस्त्यावर मोजल्यावर कळले की, फार टणक टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि त्या उड्यांत शक्ती जाते. डनलॉपच्या तीनचाकीने जे दाखवले होते ते सव्वाशे वर्षांनी पुन्हा सिद्ध झाले.

या सगळ्यावरून माझा निष्कर्ष असा. सरावासाठी आणि शर्यतीसाठी वेगळी चाके घेणे योग्य आहे. पण पैसा आधी सरावाच्या चाकांवर घालावा. ॲल्युमिनियमची साधी रिम, किमान २८, वजनदार माणसाला ३२ तारा, पितळी निपल, २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, आणि कुठेही मिळतील अशा लांबीच्या तारा. शर्यतीसाठी पुढे ४० ते ५० मिलिमीटर खोलीची रिम पुरे. मागे त्याहून खोल चालेल, कारण मागचे चाक हँडल फिरवत नाही. ज्यांच्या सायकलीला अजून रिमवर दाबणारे ब्रेक आहेत त्यांनी कार्बनची रिम घालून आंबा किंवा करूळ घाट उतरू नये. लांब उतारावर ब्रेकच्या उष्णतेने अशी रिम खराब होऊ शकते. शर्यतीचे चाक शर्यतीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा चढवू नये. आधीचे निदान तीन-चार लांब सराव त्यावर, वाऱ्यात, झालेले असावेत. आणि एक विनंती आहे. गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत आऊट काढणारे जे जुने हात अजून दुकानात बसतात, त्यांच्याकडून सरावाची चाके बांधून घ्या, त्यांना त्यांच्या कामाचे पुरेसे पैसे द्या आणि तुमच्या क्लबातल्या दोन तरुणांना ते काम त्यांच्या शेजारी बसून शिकायला लावा.